पंढरी घरत आणि उघडं लोखंड

जासईच्या घरत आळीत तीन सख्ख्या भावांची तीन घरं आहेत आणि त्यांतलं मधलं घर ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. ज्या घराचं गेट, खिडक्यांचे गज, टाकीची शिडी, फार काय, न्हाणीतल्या नळाचा पाइपसुद्धा दरवर्षी नव्यानं रंगवलेला दिसतो, ते पंढरीचं घर. बाकीच्या दोघांनी सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर इमारती उठवल्या. आता त्यांना लोक शेठ म्हणतात आणि तेही हाकेला ओ देतात. पंढरीकडेही वरचे दोन मजले आहेत, सहा भाडेकरू आहेत. तो बसून खाऊ शकतो, हे गावातल्या प्रत्येकानं त्याला निदान दोनदा सांगून झालंय. तरीही सत्तावन्नाव्या वर्षी हा माणूस सकाळी सात वाजता डबा घेऊन मोटारसायकलला किक मारतो आणि तळोज्याला लोखंडाला होल मारायला जातो.

"बसून काय करू?" तो विचारणाऱ्यालाच विचारतो. "भारेकरूंच्या चपला मोजू?"

पंढरीचा बाप मिठागरावर मुकादम होता. मिठागरात लोखंडाची दैना कशी होते हे पंढरीनं चड्डीत असल्यापासून पाहिलं. आज आणलेलं फावडं दोन महिन्यांत तांबडं होऊन त्याचे पापुद्रे सुटायला लागायचे. बाप घरातल्या कोयत्याला, कुऱ्हाडीला, कडी-कोयंड्यालाही तेल चोपडून ठेवायचा आणि मुलांना बजावायचा की खाडीकाठी लोखंड उघडं ठेवायचं नाही. तिन्ही मुलांनी ते ऐकलं. मनावर मात्र एकट्या पंढरीनं घेतलं, आणि ते इतकं घेतलं की कुठलीही नवी प्लेट हातात आली की तो आधी गंज रोखणाऱ्या तांबड्या रंगाचा, रेड ऑक्साइडचा डबा उघडतो, मोजमाप मागून. एकदा त्यानं बायकोच्या शिलाई मशीनच्या पायांना असा सढळ हातानं हिरवा रंग दिला की पायडल जागच्या जागी चिकटून बसलं. सुमित्राबाईंनी तीन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आता तरी म्हना, चुकलो म्हनून." तर हा म्हणाला, पायडलच हलक्या जातीचं होतं.

हा पंढरीचा दुसरा विशेष. त्याचं चुकत नाही. म्हणजे चुकतं, माणूसच आहे, पण चूक शेवटी कुणाच्या तरी दुसऱ्याच्या दारात जाऊन बसते. माप चुकलं तर टेप ताणलेली होती. उशीर झाला तर उरण फाट्यावरचे ट्रेलर आडवे आले होते. आणि जवळपास दुसरं काहीच नसेल तर रूपेश होताच.

रूपेश दिघ्याचा. आईबाप साताऱ्याकडून आलेले, हा तिथेच दाटीच्या वस्तीत वाढलेला, आता अडतीस वर्षांचा. गेली बारा वर्षं दोघं जोडीनं काम करतात. पंढरी होल मारतो, रूपेश प्लेट धरतो, घासतो, बोल्ट आवळतो आणि दिवसातून दोनतीनदा बोलणी खातो. तो ती मनावर घेत नाही. "काका बोलतात, पण हात सोन्याचा आहे," असं तो साइटवर सगळ्यांना सांगतो, आणि ते खरं आहे. पंढरीनं मारलेल्या होलातून बोल्ट नुसत्या बोटानं आत जातो. मागून हातोडी घालावी लागत नाही.

हा सोन्याचा हात दोन वर्षांपूर्वी मोडला. गावाजवळच्याच एका कंटेनर यार्डात बीमला बावीस एमएमचा होल मारायचा होता. हातातलं जड ड्रिल छातीनं रेटत पंढरी उभा होता. बिट पलीकडे निघता निघता प्लेटमध्ये अडकलं. बिट थांबलं पण मोटार थांबली नाही, आणि मग सगळं मशीन पंढरीच्या मनगटाभोवती फिरलं. मनगटाचं हाड चिरलं, खांदा निखळला. दोन महिने प्लॅस्टर. उरणच्या डॉक्टरांनी प्लॅस्टर काढताना सरळ सांगितलं, "पंढरीशेठ, असा झटका परत बसला तर हा हात फक्त ताटापुरता राहील."

पंढरी घाबरला. पडवीत बसून तो उजव्या हाताची मूठ उघडायचा, मिटायचा आणि कुणी बघत नाही ना ते पाहायचा. होल मारता आले नाहीत तर आपण कोण, हा प्रश्न त्याला तेव्हा पहिल्यांदा पडला आणि त्याचं उत्तर त्याला आवडलं नाही. गॅसनं होल पाडून देणारे पुष्कळ होते. पण गॅसचा होल म्हणजे उंदरानं कुरतडलेली भाकरी, कंपनीवाले तो पास करत नाहीत आणि पंढरीनं स्वतःही कधी केला नसता.

"काका, मॅग्नेट ड्रिल घ्या," रूपेश म्हणाला. "ते लोखंडाला चिकटून उभं राहतं. झटका बसला तरी मशीन खातं, आपण नाही. तुमी नुसता दांडा फिरवायचा."

"चिकटतं कशावर?"

"करंटवर. बटन दाबलं की बूड मॅग्नेट होतं."

"आनि लाइट गेली तं?"

ते विचारायला दोघं कळंबोलीला केतनच्या दुकानात गेले. केतन हत्यारं विकतो, वय तिशीचं, बोलणं गोड आणि हात कायम कॅलक्युलेटरवर. त्यानं आधी सगळ्यात मोठं मशीन पुढे केलं. पन्नास एमएमपर्यंत होल, चार स्पीड, आटेसुद्धा पाडतं.

"वजन?" पंढरीनं विचारलं.

"तेवीस किलो."

"शिरीवर घेवन तू येशील का?"

केतननं शिडीचा विचार केला, ते मागे सरकवलं आणि सगळ्यात छोटं पुढे आणलं. नऊ किलो, एका हातानं उचलता येईल असं. पंढरीनं उचलून पाहिलं, बुडाचा चौकोन बोटांनी मापला आणि विचारलं की प्लेट किती जाड लागते. इथे केतननं गिऱ्हाईक ओळखलं आणि तो खरं बोलायला लागला. म्हणाला, काका, मॅग्नेटला पकडायला खाली लोखंड लागतं, प्लेट दहा-बारा एमएमच्या खाली गेली की कुठलंही मशीन ढिलं पडतं, आणि याचं मॅग्नेट आधीच लहान आहे. बारीक कामाला ठीक. तुमच्या कॉलम-बीमला मी देणार नाही.

"पन्नासचा होल मी उभ्या जन्मात मारला नाय," पंढरी म्हणाला. "मना अठरा, बावीस, फार तं सव्वीस. मंग मधला दाखव."

मधलं तेरा किलोचं होतं, पस्तीसपर्यंतचं. बूड रुंद, उंची कमी, बीमच्या पोटात मावेल असं. पंढरीच्या चेहऱ्यावरून ते त्याला पसंत पडल्याचं रूपेशला कळलं, पण पंढरीनं तसं दाखवलं नाही. त्यानं दुकानातली जाड प्लेट भिंतीशी उभी करायला लावली, मशीन तिच्यावर आडवं चिकटवायला लावलं आणि खाली गोणपाटं रचायला लावली.

"आता लाइट घालव."

"काका, कशाला? मी सांगतो ना, सोडणार."

पंढरीनं स्वतःच प्लग ओढला. मशीन धप्पकन गोणपाटांवर पडलं, फळीवरचे दोन डबे कोसळले आणि केतन छातीला हात लावून मटकन खुर्चीत बसला. सावरल्यावर त्यानं सांगितलं की याच्यासाठीच बरोबर पट्टा येतो. मशीन उभं किंवा उलटं लावताना तो कॉलमला गुंडाळून बांधायचा. लाइट गेली तरी न सोडणारं मशीनही मिळतं, पण ते मागवावं लागतं, दोन महिने जातील. पंढरीला दोन महिने थांबायचं नव्हतं. त्यानं मधलं मशीन घेतलं, पट्टा मात्र केतनलाच परत दिला आणि लोखंडी साखळी आणून तिला कडी लावून घेतली. साखळीला अर्थातच घरी गेल्यावर रंग लागला.

पुढचं दीड वर्ष पंढरीच्या आयुष्यातलं सुखाचं म्हणायला हरकत नाही. या मशीनला लागतो तो कटर आतून पोकळ असतो. सगळ्या होलाचा भुगा करत न बसता तो फक्त कडेनं गोल कापत जातो, आणि शेवटी मधला तुकडा नाण्यासारखा टुपकन बाहेर पडतो. पहिला तुकडा पडला तेव्हा पंढरीनं तो गरम आहे हे विसरून उचलला, बोटं भाजून घेतली आणि तरी हसला. असे तुकडे तो घरी नेऊ लागला. सुमित्राबाई पापड वाळत घालताना कापडाच्या कडेवर ते ठेवायच्या. जिथे पूर्वी तीन बिटं बदलून अर्धा तास जायचा, तिथे आता तीन मिनिटांत होल तयार व्हायचा, आणि संध्याकाळी पंढरीचा खांदा जागेवर असायचा.

मशीनची शिस्तही त्यानं पक्की बसवली. वेल्डिंग मशीनच्या लाइनवर हे लावायचं नाही, तिथला करंट खालीवर होतो. मॅग्नेट चालू केल्यावर आधी मुठीनं दोन ठोसे मारून पकड बघायची, मग मोटार. चेन आधी, बटण नंतर. आणि प्लेट घासून अगदी चकचकीत करायची, कारण मॅग्नेट आणि लोखंड यांच्यामध्ये रंगाचा पापुद्रा किंवा लोखंडाचा एक कीस जरी राहिला तरी पकड निम्मी होते. प्लेट उघडी करायला पंढरीचा हात सुरुवातीला धजत नसे. तो होल मारून होताच खिशातून ब्रश काढून ती जागा रंगवून टाकी, तेव्हा कुठे त्याच्या जिवाला बरं वाटे. रूपेश एखादा कोपरा घासायचा विसरला तर मात्र त्याची धडगत नसे.

यंदा पावसाळ्यात पंधरा-वीस दिवस काम नव्हतं. मशीन पडवीत पेटीत होतं. एका रविवारी पंढरीनं पेटी उघडली तर मॅग्नेटच्या बुडावर गंजाची तांबूस पुळी उठलेली. एवढं महागाचं, एवढं गुणाचं मशीन, आणि त्याचं बूड आपण दीड वर्ष उघडं ठेवलं? त्यानं पॉलिश पेपरनं गंज काढला आणि रेड ऑक्साइडचे दोन हात दिले. दुपारच्या उन्हात वाळवले. वर आणखी एक हात दिला.

ऊन पडलं म्हणून सुमित्राबाईंनी मिरची सुकत घातली होती, ती त्या गोळा करत होत्या. "त्याच्या बुराला कनाला रंग? कोन बघतंय?"

"बघाला नाय, टिकाला," पंढरी म्हणाला.

आता हसू येतं, पण जरा त्याच्या जागेवरून बघा. प्लेटवरचा रंग काढायचा हे त्याला शंभर टक्के माहीत होतं, दुसऱ्यांना तो ते शिकवत होता. पण ते प्लेटचं झालं. बूड हे मशीनचं अंग, आणि मशीनच्या अंगाला रंग लावायचा असतो हे त्याला त्याच्याही आधीपासून माहीत होतं. या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात शेजारी राहायच्या, त्यांची एकमेकींशी ओळख नव्हती. सोमवारी त्यानं घरामागच्या शेडमध्ये पंचवीस एमएमच्या आडव्या प्लेटवर मशीन ठेवून पाहिलं. चिकटलं. दोन ठोसे मारले, हललं नाही. तो खूश झाला.

मंगळवारी तळोज्याला एका केमिकल कंपनीत तीन दिवसांचं काम सुरू झालं. प्लांट तीन दिवस बंद ठेवून जुन्या कॉलमांवर नवा प्लॅटफॉर्म चढवायचा होता. एकूण चौसष्ट होल. सोळा खाली जमिनीवर ठेवलेल्या जाड प्लेटांना, अठ्ठेचाळीस वर उभ्या कॉलमांना. कंपनीकडून कामावर गीतांजली मॅडम होत्या, खारघरला राहणाऱ्या, पस्तिशीच्या इंजिनिअर. बोलणं कमी, लिहिणं जास्त, आणि सेफ्टीच्या बाबतीत कुणाची गय नाही. बाहेरून आलेल्या कामगाराच्या चुकीनं काही घडलं तर त्याचा गेटपास जागेवर जमा होतो आणि चौकशी होऊन वर्षभर त्याला आत घेत नाहीत, हे त्यांनी सकाळीच सगळ्यांना सांगितलं होतं. आणि एका कंपनीनं नाव बंद केलं की ती बातमी अख्ख्या तळोज्यात जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोचते.

खालचे सोळा होल जेवणाआधी झाले. आडवी जाड प्लेट, वर मशीनचं स्वतःचं वजन, काहीच अडलं नाही. वरच्या कामाचं परमिट उशिरा मिळालं, त्यामुळे रूपेशनं पहिला कॉलम घाईघाईत घासला. अडीच वाजता दोघं पालखावर, म्हणजे कॉलमलगत बांधलेल्या परांचीवर चढले, साधारण दोन माणसं उंच. पंढरीनं चेन कॉलमभोवती घेतली, कडी लावली, मॅग्नेट चालू केलं, दोन ठोसे मारले. पकड नेहमीपेक्षा जरा मऊ वाटली का? वाटली असेल. त्यानं मोटार चालू केली आणि दांडा फिरवायला घेतला. रूपेश डाव्या बाजूला पाण्याची बाटली घेऊन उभा होता, कटरवर धार सोडत.

कटर चार-पाच एमएम आत गेला आणि अडकला. मशीन करकरून आडवं फिरलं, कॉलमवरून सुटलं आणि चेनला लटकलं. लटकता लटकता त्याच्या दांड्याचा फटका रूपेशच्या डाव्या हाताला बसला. बाटली खाली गेली. पंढरीनं प्लग ओढला तोवर सगळं थांबलं होतं, चेन तेवढी हलत होती. चेन नसती तर तेरा किलोचं मशीन खाली उभ्या असलेल्या कुणाच्या तरी डोक्यात गेलं असतं, हे दोघांनाही एकाच वेळी कळलं.

रूपेशला खाली पाठवून पंढरीनं मशीन सोडवलं. मग त्यानं कॉलमकडे पाहिलं. रूपेशनं घाईत घासलं असलं तरी प्लेट आरशासारखी उजळलेली होती, आणि त्या उजेडावर मॅग्नेटच्या मापाचा एक तांबडा डाग होता. रेड ऑक्साइडचा. पंढरीनं मशीन उलटं करून अंगठ्याचं नख बुडावर ओढलं. नखात लाल रंग आला.

सगळं कळायला एक श्वास पुरला. आणि त्याच श्वासात त्याच्या हातानं खांद्यावरचं फडकं घेतलं आणि कॉलमवरचा डाग पुसून टाकला. ठरवून नाही. हात आपला चालला.

तो खाली आला तेव्हा गीतांजली मॅडम आल्या होत्या. रूपेशचा हात कोपरापासून मनगटापर्यंत सुजला होता, मोडला नव्हता. कंपनीच्या दवाखान्यातला कंपाउंडर त्यावर बर्फ धरून होता.

"प्लेट कुणी घासली होती?" मॅडमनी विचारलं.

"मी, मॅडम," रूपेश म्हणाला. "माझ्याकडनंच झालं असणार. परमिट उशिरा आलं, मी घाई केली."

"असणार म्हणजे? घासली होती की नव्हती?"

"घासली होती. पण कमी पडली असंल. काकांचं काम पक्कं असतं मॅडम, चेनपण त्यांनीच बांधली. ते नसते तर आज मेलं असतं कुणीतरी."

रूपेश खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. बारा वर्षं प्रत्येक चूक आपली असते हे ऐकून ऐकून आता ती सांगावीही लागत नव्हती, तो आपणहून उचलत होता. हे पंढरीला त्या क्षणी दिसलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. अशी लाज त्याला पूर्वी कधी वाटली नव्हती.

"पास द्या," मॅडम म्हणाल्या. "मला वाईट वाटतंय, पण रिपोर्ट करावाच लागेल."

रूपेश एका हातानं गळ्यातला पास काढायला लागला. दोरी हेल्मेटच्या पट्ट्यात अडकली, तो ती सोडवत बसला. पंढरीला एवढाच वेळ होता. आपण गप्प राहिलो तर कुणालाही कळणार नव्हतं. घरी जाऊन बूड घासून टाकलं की विषय संपला. बोललो तर पास आपला जाणार, वर्षभर बाहेर, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी बाहेर बसलेल्या माणसाला परत कोण बोलावतो? मग खरोखरच भाडेकरूंच्या चपला. त्याच्या मनात हे सगळं आलं. आणि रूपेशला दोन मुली आहेत, दिघ्याला भाड्याची खोली आहे, हेही आलं.

"मॅडम, त्याचा पास ऱ्हाव द्या."

"काका, नियम आहे."

"नियम माज्यावर लावा. चूक माजी हाय."

हे तीन शब्द बाहेर पडताना त्याचा आवाज इतका घोगरा झाला की मॅडमना ते नीट ऐकूच गेले नाहीत. "काय?" त्यांनी विचारलं, आणि पंढरीला ते पुन्हा म्हणावं लागलं. त्यानं मशीन उलटं करून जमिनीवर ठेवलं, चाकूचं टोक घेतलं आणि बुडावरून ओढलं. रंगाचं साल निघालं. "मी रंग दिला याला. आईतवारी, तीन हात. गंजतं म्हनून. त्यानी प्लेट चांगली घासली होती."

रूपेश दोरी धरून तसाच उभा राहिला. "काका, मॅग्नेटला रंग?"

"हाव."

"पण कॉलमवर खूण कशी नाही?" मॅडमनी वर बघत विचारलं. त्यांची नजर पक्की होती.

इथे पंढरी थांबला. आधीचं सांगणं अवघड होतं, पण त्यात निदान येडेपणा होता, येडेपणाला माणसं हसून सोडून देतात. यात तेही नव्हतं. त्यानं खांद्यावरचं फडकं काढून मॅडमच्या हातात दिलं. त्यावर लाल फराटा उठला होता.

"खून मी पुसली," तो म्हणाला. "आता, वर असताना."

मॅडमनी फडकं पाहिलं, घडी घालून पिशवीत ठेवलं आणि रूपेशला पास परत गळ्यात घालायला सांगितला. मग पंढरीचा घेतला. रिपोर्टमध्ये त्यांनी लिहिलं ते सगळं वाचून दाखवलं, फडक्यासकट. पंढरीनं सही केली.

घरी सुमित्राबाई तांदळाची भाकरी थापत होत्या. काम दोन तास आधी सुटलं म्हणजे काही तरी बिनसलं हे त्यांनी ओळखलं. कारण कळल्यावर त्यांनी न वळता विचारलं, "मंग कुनाची चूक? रूपेशची?"

"माजी."

भाकरी थापणारा हात थांबला. त्या वळल्या, पिठाचाच हात नवऱ्याच्या कपाळाला लावून पाहिला आणि म्हणाल्या, "ताप तं नाय." पंढरीला राग आला नाही. तो पॉलिश पेपर घेऊन मागल्या दारी गेला आणि अंधार पडेपर्यंत बूड घासत बसला. घासून घासून ते पांढरं स्वच्छ झालं. त्यावर त्यानं तेलाचा हलका हात फिरवला आणि फडक्यानं तोही पुसून काढला.

पुढचे दोन दिवस पंढरी सकाळी साडेसातला कंपनीच्या गेटवर हजर होता. आत जायचं नव्हतं. मशीन रूपेशच्या ताब्यात द्यायचं, बूड त्याला दाखवायचं, आणि समोरच्या टपरीवर जाऊन बसायचं. रूपेशचा हात पट्टीत होता पण चालत होता, जोडीला दुसरा फिटर मिळाला होता. आतून मोटारीचा आवाज यायचा तेव्हा पंढरी चहा हातात तसाच धरून ऐकायचा. कटर बरोबर बसलाय की घासतोय हे त्याला भिंतीच्या अलीकडूनही कळत होतं. दोनदा तो उठून गेटपर्यंत गेला आणि सिक्युरिटीवाल्याची नजर बघून परत आला.

गुरुवारी चार वाजता रूपेश मशीनची पेटी घेऊन बाहेर आला. आधी त्यानं मॅडमचा निरोप सांगितला. चौकशी झाली होती. पंढरीनं स्वतः सांगितलं म्हणून वर्षाऐवजी सहा महिने. पुसलं म्हणून सहापेक्षा कमी नाही.

"बराबर हाय," पंढरी म्हणाला. "आनि काम?"

"झालं. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस." रूपेशनं पेटी मोटारसायकलच्या मागे ठेवली आणि दोरी आवळायला घेतली. मग आवळता आवळताच म्हणाला, "एक हुकला काका. पाचव्या कॉलमचा, वरून दुसरा. दोन एमएम. मार्किंग माझंच चुकलं. मॅडमला मीच जाऊन सांगितलं, त्यांना दिसायच्या आत."

सांगून त्यानं मान थोडी खाली घातली आणि खांदे आवळले. बारा वर्षांच्या सवयीनं तो आता काय ऐकायचंय त्याची वाट बघत होता.

पंढरीनं दोरीचं दुसरं टोक हातात घेतलं आणि गाठ मारली.

"मंग कसा जमवलास?" त्यानं विचारलं.

रूपेशनं मान वर केली. पंढरी खरंच विचारत होता, उत्तरासाठी थांबला होता. मग रूपेश सांगायला लागला. होल किंचित मोठा करायचा रीमर कुठून आणला, किती हलक्या हातानं फिरवला, बोल्ट आत गेला तेव्हा मॅडम काय म्हणाल्या. त्याला सांगायला बराच वेळ लागला. पंढरीनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.